सदाला तो हक्क कोणी दिला?

पत्र: मी २७ वर्षांची असून इंदूरला एका खाजगी कंपनीत हिशेबाचे काम पाहते. आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवासाठी यंदा मी पहिल्यांदाच एकांकिका लिहिली आहे. सदा आणि विनू हे त्यातले बालमित्र. विनू बोलताना अडखळतो. सदा त्याला येताजाता ‘अडकलेली कॅसेट’ म्हणतो आणि चारचौघांत त्याची नक्कल करतो. शेवटच्या प्रवेशात बाहेरचा एक मुलगा विनूची तीच नक्कल करतो, तेव्हा सदा त्याची गचांडी धरून म्हणतो, ‘याला बोलायचा हक्क फक्त माझा आहे.’ माझ्या मते हे टाळीचे वाक्य आहे. पण विनूचे काम करणारा मुलगा तालमीत म्हणाला, ‘ताई, शेवट झाल्यावरही मला सदाचा रागच येतो.’ दिग्दर्शक म्हणतात की अपमानाची सगळी वाक्ये काढून टाका. मित्राला घालूनपाडून बोलणारी पण परक्यापुढे त्याच्यासाठी उभी राहणारी पात्रे सगळ्यांना आवडतात, मग माझाच सदा का आवडत नाही? ती वाक्ये काढू का? सदा मी माझ्या एका जवळच्या मैत्रिणीवरून घेतला आहे. हे मात्र कुणाला ठाऊक नाही.
– सदाची लेखिका, इंदूर

प्रिय लेखिका,

आधी उत्तर देते, कारणे मागाहून सांगते. अपमानाची वाक्ये सरसकट काढू नका. ती काढलीत तर सदा कोणत्याही एकांकिकेत शोभेल असा एक गुणी मित्र होईल आणि शेवटच्या प्रवेशात त्याने कुणाची गचांडी धरली काय किंवा न धरली काय, प्रेक्षकाला काही वाटणार नाही. मात्र विनूचे काम करणाऱ्या मुलाचे म्हणणेही पूर्णपणे खरे आहे. त्याला राग येतो, कारण तुमच्या संहितेत राग यावा असेच घडते आणि शेवटची टाळी त्यावर पांघरूण घालते. तालमीत असे तोंडावर सांगणारा नट मिळायला भाग्य लागते. त्याला गप्प बसवू नका.

‘तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना’ ही म्हण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. माणूस जवळचा झाला की आपण ‘अहो’वरून ‘अरे’वर येतो आणि आणखी जवळचा झाला की ‘अरे गाढवा’वर. परक्याशी आपण जपून बोलतो, कारण तो दुखावला तर संबंध तुटेल अशी धास्ती असते. ज्याच्याशी काही केल्या तुटणार नाही अशी खात्री असते, त्याच्यापुढे जीभ मोकळी सुटते. म्हणून टोमणे मारणारा मित्र रंगमंचावर आला की प्रेक्षक त्या टोमण्यांमागची खात्री ओळखतो आणि सुखावतो. हे सगळे तुम्हाला लिहितानाही जाणवले असणार.

पण असे पात्र आवडण्याचे आणखी एक कारण आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. प्रेक्षक अशा जागी बसलेला असतो की त्याला दोन्ही बाजू दिसतात: मित्राला टोचून बोललेलेही दिसते आणि मित्राच्या पाठीमागे केलेलेही दिसते. ‘शोले’मधला (१९७५) जय वीरूसाठी बसंतीचा हात मागायला मावशीकडे जातो आणि मित्राची तरफदारी करण्याच्या आविर्भावात त्याचा जुगार, दारू असे सगळे काही उघडे पाडतो. त्याच जयच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकच छाप होता, हे मात्र वीरूला तो गेल्यावर कळते आणि आपल्यालाही तेव्हाच कळते. मावशीपुढची ती चेष्टा आपण आठवणीत प्रेमाने जपतो, कारण नाणे आपण पाहिलेले असते. विनूने तुमच्या एकांकिकेत असे काय पाहिले आहे? तुमच्या पत्रावरून तरी, शेवटच्या क्षणापर्यंत काहीही नाही. त्याच्या वाट्याला वर्षानुवर्षांची नक्कल आली आणि अखेरीस एक गचांडी आली, तीही दुसऱ्याची.

या बाबतीत मला फार जवळचे वाटणारे एक पात्र आहे, आणि ते आपल्या इंदूरपासून ५५ किलोमीटरांच्या आसपास असलेल्या उज्जयिनीत वावरणारे आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला मैत्रेय. गो. ब. देवलांनी या नाटकाला संगीत नाटकाचे रूप देऊन ते मराठी घरांत आणले, त्यामुळे तुमच्या मंडळातल्या ज्येष्ठांपैकी कुणाला तरी त्यातली पदे अजून येत असतील. मैत्रेय हा चारुदत्ताचा विदूषक मित्र. चारुदत्त दानधर्म करता करता निर्धन झाला आहे, त्याच्या घरची पक्वान्ने संपली आहेत, म्हणून मैत्रेय बाहेर मिळेल तिथे जेवतो आणि मुक्कामाला मात्र पारव्यासारखा याच घरात परततो. तो सारखा कुरकुरतो. चौकात मातृदेवतांना नैवेद्याचा बळी ठेवून ये म्हटले तर तो जात नाही आणि वर विचारतो की इतकी पूजा करूनही देव तुझ्यावर प्रसन्न होत नाहीत, तर पूजेचा उपयोग काय? चारुदत्ताचे मन जिच्यावर जडले आहे त्या वसंतसेना या गणिकेच्या बाबतीत तर तो मित्राला सरळ बजावतो की गणिका ही जोड्यात शिरलेल्या खड्यासारखी असते, एकदा आत गेली की काढताना जीव जातो. हे शब्द बोचरे आहेत, पण नीट पाहिलेत तर ते सगळे चारुदत्ताने स्वतः केलेल्या गोष्टींबद्दल आहेत: त्याची भाबडी भक्ती, त्याचे भलत्या जागी जडलेले मन.

चारुदत्ताची खरी जखम म्हणजे त्याची गरिबी, आणि तिथे मैत्रेयाची जीभ एकदम मऊ होते. गरिबीबद्दल तो टोमणा मारत नाही, धीर देतो. पहिल्याच अंकात राजाचा मेहुणा शकार आणि त्याची माणसे घराच्या दारात रदनिका या दासीला धरतात; मैत्रेय काठी उगारून त्यांच्यावर धावून जातो. ते निघून गेल्यावर तो रदनिकेला काय सांगतो? हा प्रकार चारुदत्ताला कळू देऊ नकोस. तो आधीच दारिद्र्याने पोळलेला आहे, हे ऐकून त्याचे दुःख दुप्पट होईल. मित्रासाठी तो परक्यांशी भांडला ते मित्राच्या कानावरही जाऊ देत नाही. सदाला असा एक प्रवेश द्या. शेवटच्या प्रवेशाच्या खूप आधी द्या आणि विनू तिथे नसताना द्या, म्हणजे आभार मानायला किंवा कौतुक करायला समोर कुणीही नसेल.

सदा नेमका कुठे बोट ठेवतो, हे आता पाहा. अडखळणे ही विनूने निवडलेली गोष्ट नाही आणि ती सोडणे त्याच्या हातात नाही. विनू कंजूष असता, उशिरा येणारा असता, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत दुसऱ्याच्या द्रोणातले खाणारा असता, भिकार कविता करून त्या बळेच ऐकवणारा असता, तर सदाने त्याला त्यावरून रोज दहा वेळा सोलून काढला असता तरी कुणाला वावगे वाटले नसते. या विषयात मी जे शिकले ते रामबागेतल्या आमच्या वाड्यात शिकले, म्हणून जरा विस्ताराने सांगते. आमची आजी आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी या एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी होत्या आणि एकमेकींशी कधी सरळ बोलत नसत. समोरच्या आजी आमच्याकडे आल्या की वाटीत आमटी घेऊन एक घोट पीत आणि विचारीत, ‘हात धुतलेलं पाणी फोडणीला घातलंस का गं?’ आमची आजी म्हणे, ‘तुझ्या पुरणपोळीचा गोल जमला की मग माझ्या आमटीला नावं ठेव.’ आमटी उत्तम असे आणि पोळीही गोल असे, हे आम्हा मुलांनाही कळत होते.

एका बारशाला आजी आपले एकुलते चांगले माहेश्वरी लुगडे नेसून गेली होती. त्याच्या पदराजवळ बोटभर रफू होता. कुणी तरी पाहुणी हसून म्हणाली, ‘अजून हेच का?’ आजी काही बोलायच्या आत समोरच्या आजींनी हातातली वाटी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितले, ‘हेच. मीच नेस म्हटलं. तुम्हाला रफू दिसला, आम्हाला काठ दिसतो.’ तो रफू त्यांनीच खिडकीशी बसून घातलेला होता आणि आजोबा गेल्यावर आमच्या घरी नवे लुगडे आलेले नाही हेही त्यांना ठाऊक होते. परतताना रस्त्यात त्या आजीला म्हणाल्या, ‘एवढं वय झालं, पदर नीट घेता येत नाही तुला.’ इतक्या वर्षांच्या टोमण्यांत आमटी आली, चालणे आले, घोरणे आले, आंधळ्यासारखे सुईत दोरा ओवणेही आले. ते लुगडे मात्र त्यांच्या तोंडून कधीही आले नाही. आमच्या आजीला कशावरून बोलायचे हे जितके त्यांना माहीत होते, तितकेच कशावरून बोलायचे नाही हेही माहीत होते.

तुमच्या पत्रात मला खटकलेली दुसरी गोष्ट अशी की त्यात सदाची दोन वाक्ये आहेत आणि विनूचे एकही नाही. संहिता समोर घेऊन विनूची वाक्ये मोजा. ती थोडी असतील आणि बहुतेक ‘जाऊ दे रे’ या जातीची असतील, तर त्या मुलाच्या रागाचे मूळ तिथे आहे. रोज रंगमंचावर उभे राहून ऐकत राहायचे आणि शेवटी कुणी आपल्याला वाचवले म्हणून कृतज्ञ चेहरा करायचा, हे काम कोणत्याही नटाला जड जाईल. विनूला बोलू द्या. अडखळत बोलू द्या, पण सदाची रेवडी उडवताना त्याला तुमच्याकडून उत्तम शब्द मिळाले पाहिजेत, आणि त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत सदा थांबतो हे प्रेक्षकाला दिसले पाहिजे. जगासाठी न थांबणारा सदा विनूच्या अडलेल्या शब्दासाठी मध्ये न बोलता, तो शब्द स्वतः न पुरवता थांबतो, एवढे जरी तुम्ही दाखवू शकलात तरी त्यांच्या मैत्रीबद्दल प्रेक्षकाला वेगळे काही सांगावे लागणार नाही. आमच्या आजीचे उत्तर ठरलेले असे आणि समोरच्या आजी त्याची वाट पाहत वाटी हातात धरून उभ्या राहत. उत्तर आले नसते तर त्यांनी विचारले असते, ‘बरं नाही का गं?’

आता ते टाळीचे वाक्य. ‘याला बोलायचा हक्क फक्त माझा आहे.’ ते म्हणायला सोपे आहे, नटाला आवडेल असे आहे आणि टाळी नक्की घेईल. तरीही ते बदला, असा माझा आग्रह आहे. त्या वाक्यात विनू हा सदाचा झाला, जसे एखाद्याचे शेत असते तसा. बाहेरच्याने कुंपण ओलांडले म्हणून मालक धावून आला. महाभारतातल्या वनपर्वात गंधर्वराज चित्रसेन दुर्योधनाला पकडून नेतो, तेव्हा भीमाला आनंद होतो आणि युधिष्ठिर त्याला थांबवतो. आपापसात भांडताना आपण पाच आणि ते शंभर, पण तिसऱ्याशी गाठ पडली तर ‘वयं पंचाधिकं शतम्’, आपण एकशे पाच. हे वचन आपण सभांतून इतके ऐकले आहे की त्याचे शब्द नीट ऐकायचे राहून जातात. दुर्योधनाला मारण्याचा हक्क फक्त आमचा, असे युधिष्ठिर म्हणत नाही. तो ‘आम्ही’ म्हणतो आणि त्या ‘आम्ही’त दुर्योधनालाही मोजतो. सदाच्या वाक्यात ‘माझा’ आहे. या एका शब्दाच्या फरकामुळे तुमच्या नटाच्या मनात राग उरतो, असे मला वाटते.

आणि त्या कथेचा पुढचा भाग सभांतून कुणी सांगत नाही, तो तुमच्या कामाचा आहे. पांडवांनी सोडवल्यावर दुर्योधन कृतज्ञ झाला नाही. ज्यांचा छळ पाहायला आपण गेलो होतो त्यांनीच आपल्याला सोडवावे, या अपमानाने तो अन्नपाणी सोडून प्राणत्याग करायला बसला आणि त्याला उठवताना कर्णाला, शकुनीला प्रयास पडले. ते वैराचे नाते होते, तुमच्याकडे मैत्रीचे आहे, हा फरक मोठा आहे. पण ज्याला सोडवले त्याला त्या क्षणी नेमके काय वाटले, हे विचारायचे असते एवढे त्यातून घेता येईल. विनूला विचारा. मला शंका आहे की गचांडी धरलेली पाहून त्याला सर्वांत आधी लाज वाटेल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाहेरून आलेल्या त्या मुलाने विनूची नक्कल शिकली कुणाकडून? सदा ती चारचौघांत करतो, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे ती नाक्यावर झाली, मांडवात झाली, पोह्यांच्या गाडीपाशी झाली आणि त्या मुलाने ती पाहिली. ‘अडकलेली कॅसेट’ हे नावही त्याने तिथेच उचलले असणार. परका म्हणून तो जे घेऊन येतो, तो माल सदाच्या दुकानातला आहे. तुमच्या एकांकिकेत इतकी मोठी गोष्ट पडून आहे आणि तुम्ही तिच्यावरून टाळीकडे धावत गेला आहात.

इथे मला पुन्हा मैत्रेय आठवतो. नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आरोप आलेला असतो आणि न्यायसभेत शकार त्याच्याविरुद्ध बोलत असतो. वसंतसेनेचे दागिने तिला परत करायला निघालेला मैत्रेय बातमी ऐकून तसाच सभेत येतो, मित्राची निंदा त्याला सहन होत नाही, तोंडाला येतील त्या शिव्या देत तो शकाराच्या अंगावर जातो, आणि त्या झोंबाझोंबीत काखेतले दागिने सर्वांदेखत खाली पडतात. तोच पुरावा ठरतो आणि चारुदत्ताला मृत्युदंड होतो. मित्रावरच्या अपार प्रेमाने धावून गेलेल्याच्या काखेतूनच ते दागिने पडावेत, हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते. मैत्रेयाच्या काखेत निदान परत द्यायला निघालेली दुसऱ्याची ठेव होती. सदाच्या काखेत त्याने स्वतः तयार केलेली नक्कल आहे. तो त्या मुलाची गचांडी धरेल, तेव्हा ती सर्वांदेखत खाली पडू द्या. तो मुलगा फक्त एवढेच म्हणू दे, ‘भिया (भाऊ), तुमच्याकडूनच तर शिकलो.’ हे वाक्य त्याने इंदुरी हिंदीत म्हटले तरी चालेल, आपल्या प्रेक्षकाला ते अधिकच लागेल. मग सदाचा हात सुटतो की नाही, तो विनूकडे पाहू शकतो की नाही, हे तुम्ही ठरवा. टाळी कदाचित जाईल. जाऊ द्या.

म्हणून तुमच्या दिग्दर्शकांना सांगा की अपमानाची वाक्ये राहतील, नक्कलही एकदा राहील, कारण शेवट तिच्यावर उभा आहे; पण रोजच्या चेष्टेचा विषय बदलेल आणि विनूची वाक्ये वाढतील.

पत्राची शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली असेल, पण मी ती सर्वांत जास्त वेळा वाचली. सदा मैत्रिणीवरून घेतला आहे, म्हणजे विनू कुणावरून घेतला, हे तुम्ही लिहिलेले नाही. मी अंदाज करणार नाही, विचारते फक्त. ती मैत्रीण तुम्हाला ज्यावरून बोलते, ते आमटीसारखे आहे की लुगड्यासारखे? तुम्ही उलट बोललात तर तिला मजा येते की तिचा चेहरा उतरतो? आणि परक्यांपुढे ती तुमच्यासाठी उभी राहिलेली तुम्ही स्वतः पाहिली आहे, की तसे ती करत असेल असा प्रवेश तुम्ही मनात लिहून ठेवला आहे? नाटकात आपल्याला दोन्ही बाजू दिसतात. आयुष्यात आपण एकाच बाजूला उभे असतो आणि न दिसणारी बाजू प्रेमाखातर स्वतःच चांगली रंगवतो. तुम्हाला लिहिण्याची देणगी आहे, त्यामुळे तुमच्या हातून ते अधिकच सफाईने होईल.

तिच्याशी हा विषय मांडवात, दोनशे लोकांच्या साक्षीने काढू नका. तिने पहिल्या रांगेत बसून स्वतःला ओळखावे, ही अपेक्षा तिच्यावर अन्यायाची आहे आणि तिने ओळखलेच नाही तर तुमचे दुःख वाढेल. प्रयोगाच्या आधी, निदान आठ दिवस तरी, तिला घरी बोलवा. संहिता तिच्या हातात द्या, सदाची वाक्ये तिला वाचायला सांगा आणि विनूची तुम्ही वाचा. नवी वाक्ये घातलेली संहिता द्या, म्हणजे तुम्हालाही उत्तर देता येईल. कुठे ती हसते, कुठे वाचता वाचता थांबते, ते पाहा. जिथे थांबेल तिथे घाई करू नका. नंतर जी एक गोष्ट तुम्हाला लागते ती नावानिशी सांगा: ‘बाकी सगळ्यावरून बोल, यावरून नको.’ समोरच्या आजींच्या जातीची मैत्रीण असेल तर तो विषय त्या दिवसापासून बंद होईल आणि तुमच्या चहाला ती दुप्पट नावे ठेवील. ‘गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतेस’ असे म्हणून तिने पुढच्याच आठवड्यात चारचौघांत तेच केले, तर परक्यांपुढे ती तुमच्यासाठी कितीही भांडत असली तरी तिच्यापासून थोडे अंतर ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नका.

त्या वाचनाला तिसऱ्या कुणाला बोलावू नका, दिग्दर्शकांनाही नाही. आणि विनूचे काम करणाऱ्या त्या मुलाला माझ्या वतीने सांगा की त्याचे म्हणणे बरोबर होते.